दोन काड्यांचा डोंगल

डोंगलच्या गोष्टी सांगा म्हटलं की मी चाळणीची गोष्ट सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितली. लोक हसतात, मीही हसतो आणि विषय तिथंच संपवतो. हिमायतनगरच्या केरबाची गोष्ट मात्र मी इतकी वर्षं टाळत आलो. घरच्यांना ती अर्धीच माहीत आहे, आणि त्या अर्ध्या गोष्टीत मी फार भला माणूस आहे. उरलेली अर्धी आता लिहितो. पण त्या दिवसांची नशा अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही, तेव्हा चाळणीपासूनच सुरू करू द्या.

आजच्या पोरांना डोंगल म्हणजे काय ते सांगावं लागतं. पेनड्राइव्हसारखी एक पट्टी, तिच्या पोटात सिमकार्ड. कॉम्प्युटरला खोचली की हवेतून इंटरनेट घरात. त्याआधी घरी इंटरनेट हवं तर टेलिफोनची तार लागायची, आणि त्या तारेचं आणि रस्ता खणणाऱ्यांचं सात जन्मांचं वैर होतं. खेड्यात तर तारच नव्हती. अशात एके दिवशी खिशात मावणारं इंटरनेट आलं! नांदेडला स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पहिला डोंगल मी दुकानाबाहेर, पानटपरीच्या फळीवर लॅपटॉप ठेवून चालवून दाखवला होता. टपरीवाल्यानं पान लावायचं सोडून मशिनच्या खाली वाकून तार शोधली होती.

लोक दुकानात येऊन विचारायचे, "काका, चांगला डोंगल कोणता?" मी म्हणायचो, डोंगल दुकानात निवडायचा नसतो, घरात निवडायचा असतो. एका गल्लीत एका कंपनीची रेंज धो धो, दुसरीची थेंब नाही. आणि चार घरं ओलांडली की उलटं. म्हणून मी पिशवीत सगळ्या कंपन्यांचे डोंगल, एक लांब वायर आणि लॅपटॉप घालून माणसाच्या घरी जायचो. खिडकीत लावून बघायचो, माळवदावर चढायचो, वायर बांबूला बांधून बाहेर काढायचो. असं करणारा त्या भागात दुसरा कुणी नव्हता. लोक मला डोंगलकाका म्हणू लागले आणि मला ते आवडत होतं.

इस्लापूरच्या एका गुरुजींच्या घरी कुठलाच डोंगल चालेना. टॉवर लांब, मध्ये झाडी. मी इकडं तिकडं पाहिलं तर चुलीजवळ तारेच्या जाळीची खोलगट चाळणी. तिच्या मधोमध डोंगल बांधला, चाळणीचं तोंड टॉवरकडं करून ती छपराच्या वाशाला लटकवली, आणि रेंज आली. धातूची वाटी विखुरलेली लहर गोळा करून मध्यावर आणते, एवढंच त्यातलं शास्त्र. गुरुजी नाचायचे बाकी राहिले. गुरुजींच्या मंडळी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते समदं खरं हाय हो. पण आता पीठ कशात चाळू, इंटरनेटात?"

लातूरच्या एका अडत्यानं मात्र मला धडा दिला. त्याचं घर क्लासेसच्या भागात. घरबसल्या सोयाबीनचे भाव बघायचे होते. मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन डोंगल लावून दिला, वाऱ्यासारखा पळाला. सुट्टी संपली, गावोगावची पोरं खोल्यांवर परतली आणि संध्याकाळी क्लास सुटले की सगळी एकदम त्याच टॉवरवर तुटून पडू लागली. अडत्याचा फोन आला, "काका, तुमचं यंत्र सकाळी घोडा असतंय अन् सांजच्याला म्हैस. म्हशीला डोळे वटारून बी पाहिलं, उठंना." त्याला दुसऱ्या कंपनीचा बदलून दिला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारू लागलो: कॉम्प्युटर कुठं ठेवणार, त्यावर काय करणार आणि कधी बसणार. हे तीन प्रश्न म्हणजे माझी सारी विद्या.

केरबाच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला नीट मिळाली होती. हे लक्षात ठेवा.

तो त्याचा भाऊ दत्ता याच्याबरोबर दुकानात आला. दत्ता शेती करायचा, केरबाचं हिमायतनगरला कपडे शिवायचं दुकान. दत्ताच बोलत होता. मी विचारलं, इंटरनेटवर काय करणार?

"बोलणार," दत्ता म्हणाला.

"बोलायला मोबाइल आहे की."

"काका, भाऊला अन् वहिनीला ऐकू येत न्हाई. पोरगीलाबी. ती लातूरला ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या शाळेत शिकून राहिली, तिथंच राहते. समद्या गावाच्या हातात मोबाइल आला, यांच्या काय कामाचा?"

केरबा तेवढ्या वेळात माझा सदरा न्याहाळत होता. माझ्या खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवून त्यानं दत्ताकडं पाहून असं काही तोंड केलं की दत्ता हसत सुटला. "म्हणतो, हे कुण्या खाटकानं शिवलं?" मग केरबानं स्वतःच्या नाकावर बोट ठेवून वर सारलं आणि माझ्याकडं दाखवलं. माझा चष्मा सारखा घसरतो, मी सारखा वर करतो. दत्ता म्हणाला, "झालं, तुमचं नाव पडलं." त्यांच्या भाषेत माणसाचं नाव त्याच्या लकबीवरून पडतं. तेव्हापासून त्या घरात मी म्हणजे घसरलेला चष्मा वर सारणारं एक बोट.

मी पिशवी घेऊन हिमायतनगरला गेलो तो दिवस माझ्या सगळ्या कामकाजातला सगळ्यात मोठा दिवस. जुना कॉम्प्युटर कापड बेतायच्या टेबलावर मांडलेला. वर छोटा कॅमेरा. लातूरला शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत शीतल, म्हणजे केरबाची लेक, सांगितलेल्या वेळी बसणार होती. मी आधी एका कंपनीचा डोंगल लावला. तिचा टॉवर जवळच होता, पडद्यावर रेंजच्या पाचही काड्या उभ्या राहिल्या. दत्तानं टाळी वाजवली. शीतल दिसली पण नुसती थिजलेली. हात उचललेला, तो खालीच येईना. मग एकदम दुसरीकडंच दिसे, आणि एका हाताची दहा बोटं.

इथं जरा थांबून सांगतो. काड्या सांगतात टॉवर किती जवळ आहे. त्या टॉवरच्या मागून इंटरनेट किती येतं ते काड्या सांगत नाहीत. टाकी दाराशी असली म्हणून नळाला पाणी जोरानं येतंच असं नाही. आत येणारा पाइप करंगळीएवढा असला तर काय करणार? दोघांनी नुसतं बोलायचं असतं तर चित्र अडकलं तरी आवाजावर भागलं असतं. इथं हात हाच आवाज. हात अडकला की शब्द गेला.

मी दुसऱ्या कंपनीचा डोंगल काढला. हा माझा स्वतःचा, तपासणीसाठी ठेवलेला. टॉवर लांबचा, काड्या फक्त दोन. वायर खिडकीबाहेर काढून बांबूवर चढवली. केरबानं उजेड समोरून पडावा म्हणून खुर्ची फिरवली आणि पाठीमागं काळं अस्तर टांगलं, म्हणजे हात उठून दिसतील. शीतल पुन्हा दिसली. तिनं हात हलवला आणि तो हलला!

केरबाची बायको सुमनबाई भाकरी टाकून आली होती, बोटांना पीठ तसंच. ती पडद्याजवळ गेली, मागं सरली आणि मग जे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. तिघांचे सहा हात एकाच वेळी. दारात गल्ली जमली, खिडकीत बाया. एवढी माणसं आणि आवाज नाही. नुसत्या बांगड्या वाजत होत्या. मी दत्ताला सारखा विचारत होतो, काय म्हणतात, काय म्हणतात.

"वहिनी म्हणते, केसाला तेल न्हाई लावलं."

"आणि?"

"पोरगी म्हणते, लावलंय. वहिनी म्हणते, मला दिसून राहिलं ना."

एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, "आता गं बाई, लातूरला बसलेल्या लेकीला हितून शिव्या देते ही."

शीतलनं बापाला विचारलं, सध्या काय शिवतोस. त्यानं मशिनवरचा अर्धा झालेला झगा उचलून कॅमेऱ्यापुढं धरला, उलटा करून शिवण दाखवली. तिनं बाही लहान आहे म्हणून सांगितलं. तो माझ्याकडं वळून मान हलवत हसला: बघा, कालची पोर.

सगळं झाल्यावर मी माझा दोन काड्यांचा डोंगल काढून पिशवीत ठेवला आणि पाच काड्यांवाल्या कंपनीचा नवा कोरा डबा त्यांच्या हातात दिला.

का दिला? त्या कंपनीची योजना चालू होती. महिन्याअखेर ठरलेले डोंगल खपवले की दुकानदाराला गोव्याची सहल. माझे थोडे कमी पडत होते. मी दत्ताला म्हणालो, आधीचे दोन्ही तपासणीचे होते, हा नवा. आणि याला रेंज बघ किती. मी खोचून दाखवला. पाच काड्या बघून केरबानं माझ्याकडं पाहून अंगठा वर केला. तो हसला ते काड्यांमुळं नाही, माझ्यावर विश्वास ठेवून. शाळेची वेळ संपलेली, शीतल समोर नव्हती, त्यामुळं त्या डोंगलवर हात कसे दिसतात ते परत कुणी पाहिलं नाही. सुमनबाईंनी मला भाकरीवर ताजा ठेचा वाढला. मी तो खाल्ला.

मी गोव्याला गेलो. समुद्र पाहिला.

हिमायतनगरला तो डोंगल कधी चाले, बहुतेक वेळा थिजे. दत्ता फोन करायचा, "काका, पोरगी दगड होऊन बसते." मी म्हणायचो, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल, कधी इकडं आलात की घेऊन या. त्या लोकांनी मग आपला उपाय काढला. बोलणं जमेना तेव्हा सुमनबाई कॅमेऱ्यासमोर बसून आपलं म्हणणं हातांनी सांगायची आणि ते कॉम्प्युटरवर साठवून ठेवायची. कुणी लातूरला जाणारं भेटलं की पेनड्राइव्हवर घालून द्यायची. तो एकच पेनड्राइव्ह, पुसून पुसून वापरलेला. मूळ सगळं कॉम्प्युटरवर. हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढं एके दिवशी दुपारी केरबा आणि दत्ता कॉम्प्युटरचा डबा डोंगलसकट चादरीत बांधून एसटीनं आले. दत्ता म्हणाला, "वहिनी गेली, काका. कावीळ झाली, अन् ती उलटली. आता पोरगीला बापाचं तोंड तर नीट दिसलं पाहिजे. तेवढा व्हायरस काढा."

खरं बोलायची तीच वेळ होती. डोंगल चुकीचा दिला, एवढं म्हणायचं होतं. पण इतके दिवस व्हायरस व्हायरस केल्यावर आता कोणत्या तोंडानं सांगू? आमच्या धंद्यात रोग कळो न कळो, औषध एकच: फॉरमॅट मारणे. सगळं पुसायचं आणि मशिन नव्यानं उभं करायचं. मी दत्ताला म्हणालो, फॉरमॅट मारावं लागेल. आणि नेहमीचा प्रश्न विचारला, आत काही ठेवण्यासारखं आहे का?

"काय असणार? गल्लीच्या पोट्ट्यांनी गाणे भरलेत. उडवा."

केरबा समोर स्टुलावर बसला होता. माझ्या तोंडाकडं बघत होता, मग दत्ताच्या. मशिन त्याचं, घर त्याचं, आणि मी प्रश्न विचारला ऐकू येणाऱ्या माणसाला. पहिल्या दिवसापासून मी तसंच करत आलो होतो. त्याच्याशी बोलायचं असलं तरी दत्ताकडं बघून. त्या वेळी हातानं नुसतं पडद्याकडं दाखवून पुसल्याची खूण केली असती तर त्यानं माझं मनगट धरलं असतं. मी बटण दाबलं.

मशिन नवं झालं. आता ते हिमायतनगरला चाललंच पाहिजे म्हणून मी पाच काड्यांचा डोंगल काढून घेतला आणि दोन काड्यांवाल्या कंपनीचा लावून दिला. दत्ताला सांगितलं, कंपनीनं बदलून दिलाय. केरबानं माउस हातात घेतला, पडद्याच्या एका कोपऱ्याकडं बाण नेला. तिथं काही नव्हतं. त्यानं बाण त्याच जागी गोल गोल फिरवला. मग माझ्याकडं वळून दोन्ही हातांनी काही विचारलं आणि मला न समजताही समजलं.

दत्तानं त्याचे हात वाचले. त्याचा चेहरा उतरला. "काका, वहिनीचे व्हिडिओ होते म्हणतो. तिथंच ठेवले होते."

मी म्हणालो, "व्हायरसनं खाल्ले असतील."

दत्तानं ते हातांनी सांगितलं. व्हायरसला त्यांच्या भाषेत काय म्हणतात कुणास ठाऊक. दत्तानं कापड कुरतडणाऱ्या कसरीची, त्या बारक्या किड्याची, खूण केली. केरबानं माउस खाली ठेवला. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच वाईट शिवणीवर. माझा चेहरा पडलेला पाहून तो माझीच समजूत काढत होता.

डिस्क तशीच बाजूला काढून एखाद्या जाणत्याकडं पाठवली असती तर त्यातलं काहीबाही परत मिळालं असतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं. पण पाठवली असती तर जाणता विचारणार, हे पुसलं कुणी? मी डब्याचे स्क्रू आवळले. केरबानं चादर बांधली.

आणि गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणू, दोन काड्यांचा डोंगल असा चालला की काय सांगावं! केरबा रोज शीतलशी बोलू लागला. सगळं श्रेय मिळालं माझ्या फॉरमॅटला. त्यानं माझं नाव गावोगाव केलं. ऐकू न येणारी माणसं एकमेकांना धरून असतात. किनवटहून, उदगीरहून, देगलूरहून ती माझ्या दुकानात येऊ लागली. दारात उभी राहून नाकावरून बोट वर सारायची: तूच ना तो? मी मात्र शहाणा झालो होतो. काड्यांकडं बघणं सोडलं. दोन्ही बाजूंना माणसं बसवून हात नीट दिसतात का, एवढंच तपासायचो. विचारायचो तेही ज्याचं काम त्यालाच, खुणांनी, वेडेवाकडे हातवारे करून. ती हसायची आणि दुरुस्त करायची. एक सोयरीक तर माझ्या दुकानातच, माझ्याच वायरीवर ठरली. मुलानं इकडून विचारलं, मुलीनं तिकडून थांबायला लावलं, आणि उत्तर येईपर्यंत आम्ही सगळे पडद्याकडं बघत उभे! असं सुख या धंद्यानं मला भरभरून दिलं. ज्या चुकीमुळं ते मिळालं तिच्याकडं मी पाठ करून उभा होतो.

मग मोठ्या पडद्याचे मोबाइल आले, कॅमेरा आणि इंटरनेट त्यांच्या आतच. डोंगल गेले. माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकली जाऊ लागली आणि मी घरी बसलो.

शीतलला लातूरला नोकरी लागली आहे. मध्यंतरी तिनं बापाला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. दत्तानं फोन केला, "भाऊला तुम्हाला भेटून जायचंय." मी आरशासमोर उभा राहून तयारी केली. तयारी कसली, माफीची खूण मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कान धरायचा. लहानपणी शाळेत कितीदा धरला आहे.

लातूरची गाडी लागलेली होती. केरबाचे केस पांढरे झालेत. त्यानं आधी माझ्या सदऱ्याचा खांदा तपासला आणि तयार कपड्याला नाक मुरडलं. मग खिशातून काळ्या अस्तराची शिवलेली इवलीशी थैली काढली. आत तो दोन काड्यांचा डोंगल. त्यानं हातांनी सांगितलं, आणि शीतलनं मोबाइलवर लिहून माझ्यापुढं धरलं: बाबा म्हणतात, आई गेल्यावर यानंच घर बोलतं ठेवलं. हा तुमचा, तुमच्याकडं असू द्या.

मी थैली घेतली. शीतलनं मोबाइल मागं घेतला, थोडी थांबली आणि पुन्हा लिहिलं: आईचा शेवटचा व्हिडिओ मला पोचलाच नाही. मशिन दुरुस्तीला आलं तेव्हा तुम्ही पाहिला होता का? त्यात ती काय म्हणत होती?

मी तिच्या मोबाइलवर लिहिलं: नाही पाहिला. ते खरं होतं. त्याखाली आणखी एक ओळ लिहायची होती. बोट अक्षरांवर ठेवून तसाच उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी दिली. तिनं हळूच मोबाइल काढून घेतला, नमस्कार केला आणि दोघं गाडीत चढली.

केरबा खिडकीत बसला. गाडी मागं घेईपर्यंत वेळ होता. आता कागद नको, मोबाइल नको, दत्ता नको. मी त्याच्याकडं पाहिलं, तो माझ्याकडंच बघत होता. मी हात उचलला. हात कानापाशी गेला, पाळीला बोटं लागलीसुद्धा. आणि तिथून तो घसरला आणि मी चष्मा वर केला.

केरबाला वाटलं मी माझं नाव सांगतोय. तो मनापासून हसला आणि आपल्या नाकावरून बोट वर सारत, गाडी स्टँडच्या दारातून वळेपर्यंत, मला माझं नाव परत परत सांगत राहिला.